कासमचाचांचा डावा हात

कासमचाचांच्या डाव्या हाताचा खरा रंग मी सहा वर्षांत एकदाच पाहिला. एरवी मनगटापासून कोपरापर्यंत आडवे पट्टे. गव्हाळ, तांबूस, काळाभोर, पिवळट गोरा, पुन्हा काळा पण वेगळा काळा. प्रत्येक पट्टा बोटभर रुंद. त्या हाताची बाही कायम दुमडलेली आणि उजव्या हाताची मात्र मनगटाशी बटण लावून बंद. बसमध्ये त्यांच्या शेजारी बसलेला माणूस जरा वेळाने उठून दुसरीकडे जाऊन बसायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी मूळची मिरजेची. कुवेतमध्ये, सालमिया भागातल्या एका कातडीच्या दवाखान्यात नर्स आहे. चाचा पहिल्यांदा आले ते त्याच हातावर पुरळ उठली म्हणून. मी कापसाला स्पिरिट लावून पुसायला गेले, तर त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"पुसू नका शिस्टर. दुपारी कामाला लागायची हाय ती."

"कोण ती?"

त्यांनी बोट ठेवून ओळख करून दिली. "ही पोस्टातली श्रीलंकेची बाई. हा आमच्या बिल्डिंगचा वॉचमन. आन् हा अजून पुरा झाला नाय. बसमधी बघितला, रिग्गईला उतरून गेला." आणि ते हसले. माझ्या अंगावर काटा आला, हे मी लपवत नाही. आम्ही नर्स मंडळी माणसाला कातडीवरून ओळखतो खरं, पण कुणी कुणाची कातडी हातावर घेऊन फिरताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. कुवेतला आले ते राई नावाच्या भागातल्या गॅरेजात रंगारी म्हणून. गाडीला ठोकर बसली, की तेवढ्याच जागेचा रंग डोळ्यांनी जुळवून द्यायचा. उन्हाने फिकटलेल्या गाडीला कंपनीचा नवा रंग लावला तर थिगळ दिसतं. चाचांचं थिगळ शोधून सापडायचं नाही. मालिका काढणारा एकजण गाडी दुरुस्तीला घेऊन आला आणि गाडीबरोबर रंगाऱ्यालाही घेऊन गेला. तेव्हापासून ते मेकअपमन. टायरचं गोदाम आणि सोफ्यांची शोरूम यांच्यामध्ये पाटी नसलेला एक स्टुडिओ होता, तिथे त्यांची खोली.

त्या खोलीत कंपनीच्या बाटल्या होत्या, पण शोभेला. चाचांचे रंग बामच्या रिकाम्या बाटल्यांत असत आणि प्रत्येकीवर मराठीत चिठ्ठी. 'फरवानियाचा न्हावी.' 'मासळीबाजारातली लंगडी बाई.' मी विचारलं, नंबर का नाही देत? तर म्हणाले, "नंबर लिवला तर रंग हरवतो. नाव लिवला तर माणूस ध्यानात ऱ्हातो, मग रंग जातोय कुठं?"

नवीन चेहरा दिसला की त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी डाव्या हातावर हळूहळू फिरायला लागायची. रंग नाही, ब्रश नाही, नुसतं बोट. त्या वेळी त्यांच्याशी बोलून उपयोग नसे. बोट थांबलं की समजायचं, माणूस पाठ झाला.

एक नियम ते कडक पाळत. माणूस कुवेत सोडून गेला किंवा जगातून गेला, की त्याची बाटली सालमियाच्या समुद्रात धुऊन टाकायची. या नियमामागे एक गोष्ट होती, ती त्यांनी मला एकदाच सांगितली. स्टुडिओत एक बांगलादेशी वायरमन होता. तो सुट्टीवर गावी गेला आणि तिकडेच वारला. चाचांना हे ठाऊक नव्हतं. एका मालिकेत मजूर हवा होता, त्यांनी एका गोऱ्या नटाला त्या वायरमनचा रंग लावून उभं केलं. वायरमनच्या खोलीत राहणारा सोबती तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आला. त्याने नटाकडे बघितलं, ट्रे जमिनीवर ठेवला आणि त्याच्याशी बंगालीत बोलायला लागला. "नटाला एक अक्षर कळत न्हवता," चाचा म्हणाले, "पन तो मान हलवत ऱ्हायला. मला कळंना, त्याला थांबवू की ऐकू." त्या संध्याकाळी त्यांनी पहिली बाटली धुतली.

मी त्या खोलीच्या खुर्चीत बसले ते अशाच एका गमतीत. मालिकेत हॉस्पिटलचा प्रसंग होता, मागे दोन-तीन नर्स उभ्या करायच्या होत्या. चाचा म्हणाले, शिस्टर, तुमी खऱ्याच हाव, या की. सुट्टी होती, हौस होती, गेले. पैशांचा प्रश्नच नव्हता, दुसऱ्याकडून पैसे घेऊन व्हिसाची भानगड कोण ओढवून घेणार? सहायक दिग्दर्शकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ही नर्स वाटत नाही. नर्स फिलिपिनो हवी, लोकांना तशीच बघायची सवय आहे. मग शेजारच्या शोरूममध्ये सोफे विकणाऱ्या एका फिलिपिनो मुलीला माझा पांढरा कोट दिला आणि माझ्या हातात बादली आणि पोछा. तिने सलाईनची बाटली उलटी टांगली, तेही मी निमूटपणे पाहिलं. चौदा वर्षांची नोकरी माझी! घरी येऊन हसले, पण आतून चांगलीच भडकले होते.

"हितं खरा चालत नाय शिस्टर," चाचा म्हणाले, "खऱ्यासारखा चालतोय."

त्या दिवशी त्यांनी माझा मेकअप केला तेव्हाची एक गोष्ट मनातून जात नाही. चेहऱ्याला हात लावण्याआधी ते खाकरले. आमच्याकडेही जुनी माणसं बायकांच्या खोलीत शिरण्याआधी खाकरतात, तसं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते आरशात. त्यांचं सगळं काम आरशात बघून चालायचं. स्वतः मात्र ते खुर्चीच्या कडेला असे वाकून उभे राहत, की आरशात त्यांचा चेहरा कधीच यायचा नाही. मला आरशात दिसत होते मी, आणि कडेने येणारा पट्ट्यापट्ट्यांचा एक हात. बाकी कुणी नाही. माझ्या डाव्या गालावर लहानपणीच्या कांजिण्यांचा एक खड्डा आहे. तो हात तिथे येऊन जरासा थांबला आणि पुढे गेला. "हा बुजवायचा नाय," आवाज आला, "हा तुमचा हाय."

अल्माझ मला तिथेच भेटली. इथिओपियाची. स्टुडिओत साफसफाई करायची, चहा द्यायची आणि मालिकांत ट्रे घेऊन मागे उभी राहायची. आधी रिग्गईत एका भारतीय कुटुंबाकडे कामाला होती, म्हणून हिंदी फर्डं बोलायची. उंच, शांत, आणि डाव्या भुवईला मधोमध छेदणारी एक जुनी खूण. मुलगी हाना, नऊ वर्षांची, तिकडे आजीजवळ. रोज व्हिडिओवर बोलणं व्हायचं.

मग ती जाहिरात आली. चेहऱ्याला लावायच्या एका क्रीमची. पाच छटा, पाच देशांच्या पाच बायका आणि खाली ओळ, 'प्रत्येक रंग आपला'. हल्ली सगळ्यांनाच सगळे रंग हवे झालेत, कारण सगळ्या रंगांची माणसं दुकानात येतात. चाचांना सांगितलं, पाच बायका शोधा. त्यांनी अल्माझला घेतलं, ती फिलिपिनो सोफेवाली, एक सीरियाची, एक इथलीच कुवेती मुलगी आणि हिंदुस्थानची म्हणून मला. दोन दिवस आमचे चाचणीचे फोटो निघाले. अल्माझने निळा रुमाल डोक्याला बांधला होता. चाचांनी पाच नवीन बाटल्या भरल्या, पाच चिठ्ठ्या लिहिल्या. अल्माझने हानाला कळवून टाकलं, मम्मीचा फोटो बिल्डिंगवर लागणार आहे. आजी हसली. तिथल्या शेजारणीही हसल्या. भांडी घासायला गेलेल्या बाईचा फोटो कोण लावतंय?

तिसऱ्या दिवशी निरोप आला, तुम्ही येऊ नका.

कंपनीच्या माणसाचं म्हणणं सरळ होतं आणि ते चाचांनीच मला नंतर सांगितलं. पाच अनोळखी बायका मिळून एक डबी विकणार नाहीत. ओळखीची एक बाई पाचही विकेल. एक नावाजलेली गोरी नटी ठरली. पाचही जणी तीच होणार. "तुझ्याकडे रंग तर तयार आहेत," तो चाचांना म्हणाला, "लाव."

चाचांनी लावले.

मी हे त्यांची बाजू न घेता सांगतेय. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पण तीस वर्षं दुसऱ्याच्या सहीवर ज्याचा इथला मुक्काम चालतो, त्याच्या तोंडून 'नाही' निघायला किती वेळ लागतो, हेही मला ठाऊक आहे. आम्ही सगळेच तसे राहतो.

अल्माझला त्यांनी खरं सांगितलं नाही. "काम पुढं गेलाय," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात तिची बदली त्याच मालकाच्या दुसऱ्या ऑफिसात झाली, त्यामुळे स्टुडिओतलं तिच्या कानावर गेलं नाही.

महिन्याभराने मी शाळेतून मुलाला घेऊन घरी निघाले होते. सालमियातल्या एका मोठ्या दुकानाच्या भिंतीवर ते पाच चेहरे लागलेले. चार मजले उंच. ओजस थांबला. "आई, दॅट्स यू!" आणि मग हळूच, "व्हाय इज इट सो क्रीपी?"

डावीकडून दुसरी मी होते. माझा रंग, गालावरचा माझा खड्डा. रोज सकाळी बेसिनवरच्या आरशात जी दिसते, हुबेहूब ती, फक्त डोळे माझे नव्हते. मग बाकीच्या चौघींकडे पाहिलं. मधली अल्माझ, निळा रुमाल, भुवईत खूण. पाच बायका पाच रंगांच्या, आणि पाचही जणींच्या डोळ्यांतून एकच बाई खाली बघत होती. मी रस्ता ओलांडला तरी बघत होती. माझा हात आपसूक गालाकडे गेला, खड्डा जागेवर आहे ना हे पाहायला. चाचांना रंग एकटा लावताच येत नसे. रंगाबरोबर माणूस यायचंच. कंपनीला ते फारच आवडलं होतं म्हणे.

त्यानंतर दोन आठवड्यांनी चाचांचा फोन आला. "शिस्टर, अल्माझनं जुम्म्याला बोलावलाय. सालमियाला, त्या भिंतीसमोर. तुमी या. माझ्याच्यान एकट्याला जमायचा नाय."

"सांगून टाकायचं चाचा."

"सांगनार हाय. म्हनून तर."

शुक्रवारी दुपारी चार-साडेचारची वेळ. समोरच्या फुटपाथवरच्या बाकावर चाचा आधीच येऊन बसलेले. अल्माझ आली ती ठेवणीतले कपडे घालून, डोक्याला तोच निळा रुमाल. आणि ती हसत होती. मला मिठी मारली आणि वर बोट दाखवलं.

"देखा? मैं हूँ! चाचा, तुम बोला काम रुक गया. झूठा!"

मला क्षणभर कळेना. मग कळलं. तिला ती बाई खरंच आपणच वाटत होती. चाचणीत काढलेले आपलेच फोटो लावलेत, असं ती समजून चालली होती. का नाही समजणार? रंग तिचा, रुमाल तिचा, खूण तिची.

"आँख थोड़ा अलग किया है," ती म्हणाली, "कंप्यूटर से करते हैं ना."

चाचा खाकरले. मी वाट पाहिली. अल्माझने फोन काढला, उभा धरला, आडवा धरला, भिंतीचे सात-आठ फोटो घेतले. "अब नानी को बोलो हँसने को," असं म्हणत तिने ते हानाला पाठवले आणि फोन मांडीवर ठेवून आमच्यामध्ये बसली. चाचा दुसऱ्यांदा खाकरले. डावी बाही त्या दिवशी पहिल्यांदाच मी मनगटापर्यंत खाली ओढलेली पाहत होते.

फोन वाजला. हानाचा आवाज, छोटासा, भरभर. अल्माझने तो पूर्ण ऐकला, परत ऐकला. तिचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचं कुणीतरी निघून गेलं.

"क्या बोली?" मी विचारलं.

"बोलती है, अच्छा है, लेकिन तुम नहीं है." तिने बोट उचलून डाव्या भुवईवर ठेवलं. "बोलती है, मम्मी का निशान इस तरफ है. ये दूसरी तरफ है."

आम्ही तिघांनी वर पाहिलं. भिंतीवरच्या बाईची खूण उजव्या भुवईत होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझा खड्डाही उजव्या गालावर होता. मी स्वतःला आरशात बघते, म्हणून मला ती मीच वाटले. अल्माझ स्वतःला आरशात बघते, म्हणून ती फसली. आम्हाला रोज समोरून बघणारं माणूस आमच्यापैकी कुणीच नव्हतं. हाना होती.

चाचा तिसऱ्यांदा खाकरले आणि त्यांनी बाही वर सारली. मधला पट्टा अल्माझचा होता. महिना-दीड महिना होऊन गेला, तरी त्यांनी तो रोज नव्याने ओढलेला असणार, ताजा होता.

"ये तेरा है," ते म्हणाले. "वो तू नहीं. एक औरत को बिठाया, पाँचों वही है. तेरी जगह पे बिठाया, और मैंने लगाया. मैंने."

अल्माझने तो पट्टा पाहिला.

"आईने में देख के लगाता हूँ मैं. इतने साल. उस दिन नहीं देखा. शरम आया. कुर्सी घुमाया, आईने को पीठ किया, आँख में जो था वो लगाया." ते माझ्याकडे वळले, जणू मराठीत सांगितलं तर सोपं जाईल. "आरशातली बघून बघून पाठ झालेली, शिस्टर. तशीच्या तशी समोर उतरवली. बाजू उलटी झाली. कुनाच्या ध्यानात आला नाय. माझ्यापन नाय. त्या पोरीनं पकडला."

अल्माझ भिंतीकडे बघत राहिली. मला वाटलं ही आता ओरडेल, चाचांना मारेल, मारलं तर मी अडवणार नव्हते. मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

"पाँचों वही है?" तिने विचारलं.

"वही."

"मतलब ऊपर अकेली है."

"हाँ."

"बेचारी," अल्माझ म्हणाली.

मग तिने हात पुढे केला. चाचांना बरोबर कळलं. त्यांनी खिशातून तिच्या रंगाची बामची बाटली काढली, चिठ्ठीसकट, आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिने चिठ्ठीवरची न वाचता येणारी अक्षरं पाहिली, बाटली पर्समध्ये टाकली. हानाला उत्तरादाखल ती काहीतरी बोलली, बोलता बोलता भुवईवर हात फिरवला आणि शेवटी हसली. मघाचं हसणं नव्हतं ते. तिची बस आली. माझा खांदा दाबून ती गेली. चाचांकडे तिने पाहिलं नाही.

ती गेल्यावर चाचांनी हात माझ्यापुढे धरला. "आता पुसा शिस्टर."

पर्समध्ये स्पिरिटचे कापूस असतातच. मी त्या बाकावर बसून एकेक पट्टा पुसला. पोस्टातली बाई गेली, वॉचमन गेला, मी गेले, अल्माझ गेली. वाटलं होतं निघणार नाही, पण निघाली. खालून जो हात आला तो त्यांच्या उजव्या हाताशी जुळत नव्हता. वर्षानुवर्षं रंगाखाली झाकलेली कातडी अशीच होते, हे मला नर्स म्हणून माहीत आहे. तरीही मी तो हात सोडला तेव्हा माझी बोटं गार पडली होती.

चाचा पुढच्या महिन्यात कायमचे गावी गेले, त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशीच शेवटचं. दिवेलागणीला त्यांची बस आली. ते खिडकीपाशी बसले. बाहेर अंधारत होतं, आतले दिवे लागलेले, त्यामुळे काच आरशासारखी झाली असावी. मी हात हलवला, पण त्यांना मी दिसले नाही. ते काचेतल्या माणसाकडे बघत होते. आधी नुसतंच, मग जरा वाकून, निरखून, बसमध्ये एखादा नवा चेहरा दिसावा तसं. बस सुटली तेव्हा त्यांच्या उजव्या हाताचं बोट त्या कोऱ्या डाव्या हातावर हळूहळू फिरायला लागलं होतं.